वाचकांचे प्रश्न : आपत्कालीन विभागातला निवासी डॉक्टर कसा घडतो?

मागील अंकात आम्ही रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागाविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर होता : रात्री-अपरात्री आपल्या माणसाला तपासणारा तरुण डॉक्टर नेमका किती शिकलेला असतो आणि त्याला कोण शिकवतो. त्यांतील निवडक प्रश्नांना शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आपत्कालीन वैद्यकशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या स्तंभलेखकांनी उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

माझ्या मुलीला नीट-पीजीमधून इमर्जन्सी मेडिसिन या विषयात एम.डी.ला प्रवेश मिळाला आहे. घरातील थोरली मंडळी म्हणतात, मेडिसिन किंवा सर्जरी मिळाली नाही म्हणून हे घेतले, शेवटी कॅज्युअल्टीतच बसायचे. ही शाखा नेमकी काय आहे? तीन वर्षांत ती काय शिकेल? — एक आई, सांगली

ताई, घरच्या मंडळींच्या मनातले चित्र त्यांनी पाहिलेल्या परिस्थितीतूनच आले आहे. कित्येक दशके आपल्याकडे कॅज्युअल्टी म्हणजे रुग्णालयाच्या दारावरची एक खोली होती. तिथे एक सीएमओ (कॅज्युअल्टीचा वैद्यकीय अधिकारी) आणि पाळीचे इंटर्न बसत, पोलीस केसची नोंद करत, सलाइन लावत आणि रुग्णाला मेडिसिन, सर्जरी किंवा ऑर्थोच्या वॉर्डाकडे धाडत. सर्वांत अत्यवस्थ रुग्ण जिथे सर्वांत आधी पोहोचतो, तिथे सर्वांत कमी अनुभवाचा डॉक्टर उभा, अशी ती व्यवस्था होती. ती फक्त आपल्याकडेच होती असेही नाही. अमेरिकेतही १९६० पर्यंत रुग्णालयांचे आपत्कालीन कक्ष इंटर्न आणि इतर शाखांचे डॉक्टर आळीपाळीने सांभाळत असत. १९६१ साली व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया येथे जेम्स मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपापली खासगी प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ आपत्कालीन कक्ष चालवायला घेतला. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९७० मध्ये, सिनसिनाटी विद्यापीठात या विषयाचे पहिले निवासी प्रशिक्षण सुरू झाले आणि ब्रूस जॅनियाक हे त्याचे पहिले निवासी डॉक्टर ठरले. १९७९ मध्ये तिथे या विषयाला स्वतंत्र शाखेचा दर्जा मिळाला. आपल्याकडे त्यासाठी आणखी तीस वर्षे जावी लागली. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली ती २००९ साली. एम.डी.बरोबरच आता डी.एन.बी.चा, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या पदव्युत्तर पात्रतेचा, मार्गही उपलब्ध आहे.

आपली मुलगी तीन वर्षांपैकी बराच काळ आपत्कालीन विभागात घालवेल आणि उरलेल्या काळात भूलशास्त्र, अतिदक्षता, हृदयरोग, बालरोग, अस्थिरोग, प्रसूती अशा विभागांत पाळीपाळीने काम करेल. भूलशास्त्रात ती श्वासमार्ग सुरक्षित करायला शिकेल, अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर आणि रक्तदाब टिकवणारी औषधे हाताळेल, बालरोग विभागात धाप लागलेल्या बाळाची शीर शोधायला शिकेल. शिवाय प्रबंध, संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम, जिल्हा रुग्णालयातील तीन महिने आणि शेवटी विद्यापीठाची लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा हे सर्व आहेच. या सगळ्यातून तयार होणारे कौशल्य इतर कोणत्याही शाखेचा तुकडा नाही. कुठल्याही वयाचा, कुठल्याही अवयवाचा आजार घेऊन आलेला, निदान न झालेला रुग्ण पहिल्या तासात जगवणे आणि योग्य ठिकाणी पोहोचवणे हे तिचे काम असेल.

एक गोष्ट मात्र मुलीशी मोकळेपणाने बोलावी. या शाखेत स्वतःचा दवाखाना, स्वतःचे वर्षानुवर्षांचे रुग्ण अशी रचना बहुधा होत नाही. पाळ्यांचे काम आयुष्यभर राहते, दिवाळीच्या रात्रीही राहते. ज्यांना हे मनापासून चालते ते या शाखेत आनंदाने काम करताना मी पाहिले आहेत.

वडिलांच्या छातीत दुखू लागले म्हणून रात्री दोन वाजता त्यांना मोठ्या रुग्णालयात नेले. आमच्यानंतर आलेल्या माणसाला आधी आत घेतले. पुढे वडिलांना सगळे पाहिले ते एका अगदी तरुण डॉक्टरने. शिकाऊ डॉक्टरांच्या हाती असे रुग्ण देणे योग्य आहे का? — एक वाचक, लातूर

आपण दोन प्रश्न विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येईल. आपत्कालीन विभागात क्रम येण्याच्या वेळेवरून लागत नाही, तो धोक्यावरून लागतो. दारातच नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजन आणि शुद्ध पाहून रुग्णांची लाल, पिवळा, हिरवा अशी विभागणी करतात. याला ट्राएज म्हणतात. आपल्यानंतर आलेल्या माणसाचा श्वास अडखळत असेल तर त्याला आधी घेणे बरोबरच होते. पण छातीत दुखणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघालाच पाहिजे आणि तो जाणत्या डॉक्टरने पाहिलाच पाहिजे, हाही तितकाच पक्का नियम आहे. तो पाळला गेला नसेल तर आपली तक्रार रास्त आहे.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. निवासी डॉक्टर हा विद्यार्थी असतो, पण तो एम.बी.बी.एस. होऊन, इंटर्नशिप पूर्ण करून आलेला नोंदणीकृत डॉक्टर असतो. त्याने रुग्णावर उपचार केल्याशिवाय तो तज्ज्ञ होणार नाही, आणि उद्याच्या रुग्णाला तज्ज्ञ हवा असेल तर आजच्या रुग्णाला निवासी डॉक्टर चालवून घ्यावाच लागेल. मात्र त्याची एक अट आहे, आणि ती अट हेच या प्रशिक्षणाचे सार आहे असे मी मानतो : निवासी डॉक्टरला जितके येते त्याच्या एक पाऊल पुढेच त्याला एकट्याने जाऊ द्यावे आणि त्या पावलाच्या वेळी त्याच्याशेजारी शिक्षक उभा असावा. प्रथम त्याने पाहावे, मग सीनिअरच्या हाताखाली करावे, मग सीनिअर खोलीत असताना स्वतः करावे, आणि त्यानंतरच सीनिअर हाकेच्या अंतरावर असताना एकट्याने करावे. छातीत नळी टाकणे, श्वासनलिकेत ट्यूब टाकणे, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याचा निर्णय घेणे, रुग्णाला घरी सोडणे या प्रत्येक गोष्टीसाठी ही शिडी वेगवेगळी चढावी लागते. एका गोष्टीत तरबेज असलेला दुसऱ्या वर्षाचा डॉक्टर दुसऱ्या गोष्टीत अगदी नवखा असू शकतो. यांतील रुग्णाला घरी सोडण्याचा निर्णय लोकांना सर्वांत सोपा वाटतो, पण मला तो सर्वांत अवघड वाटतो, कारण तो चुकला तर ते पाहायला आपण तिथे नसतो.

अनेक रुग्णालयांत ही शिडी दिवसा असते आणि रात्री नाहीशी होते. रात्री दहानंतर प्राध्यापक घरी, लेक्चरर फोनवर आणि पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर रुग्णासमोर, अशी स्थिती असते. फोनवरून आकडे सांगता येतात, पण रुग्णाच्या कपाळावरचा घाम, त्याची तगमग, राखाडी पडलेला चेहरा या गोष्टी ज्याला ओळखता येत नाहीत तो त्या फोनवर सांगतही नाही. म्हणून आपत्कालीन विभागात चोवीस तास तज्ज्ञ शिक्षक प्रत्यक्ष हजर असला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी पदे मंजूर करावी लागतील आणि भरावी लागतील. खर्च होईल. तो टाळून केलेले प्रशिक्षण हे प्रशिक्षण म्हणवून घेण्यास पात्र नाही.

आपल्यासारख्या नातेवाइकांनी अशा वेळी शांतपणे एवढे विचारावे : "डॉक्टर, आज आपले सीनिअर कोण आहेत, आणि त्यांनी आमच्या वडिलांना पाहिले आहे का?" हा प्रश्न अपमानाचा नाही. चांगल्या निवासी डॉक्टरला त्याचा आधारच वाटतो, कारण सीनिअरला बोलावण्याचे एक कारण त्याला मिळते.

मी इंटर्न आहे. पुस्तकात आधी इतिहास, मग तपासणी, मग निदान, मग उपचार असे शिकलो. इमर्जन्सीत सगळे उलटे चालते. निदान माहीत नसताना उपचार करायला कसे शिकवतात? मला हीच शाखा घ्यायची आहे. — यवतमाळ

तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले आहे. आपत्कालीन वैद्यकशास्त्र शिकणे म्हणजे आधी विचारांचा क्रम बदलणे. त्या क्रमाची जगभर वापरली जाणारी पद्धत एका अपघातातून आली. १९७६ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर या अस्थिशल्यचिकित्सकाचे छोटे विमान शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली, मुले गंभीर जखमी झाली आणि जवळच्या लहान रुग्णालयात त्यांना जे उपचार मिळाले ते पाहून स्टायनर व्यथित झाले. आपण शेतात अपुऱ्या साधनांनिशी जे करू शकलो त्यापेक्षा रुग्णालयातले उपचार कमी प्रतीचे असतील, तर व्यवस्थेतच दोष आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यातून १९७८ मध्ये गंभीर जखमींच्या तातडीच्या उपचारांचा पहिला एटीएलएस (अ‍ॅडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट) अभ्यासक्रम झाला आणि १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. त्याचा गाभा असा, की जो धोका सर्वांत लवकर जीव घेतो त्याला सर्वांत आधी हात घालायचा. प्रथम श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग मेंदूची स्थिती, मग संपूर्ण शरीर उघडे करून पाहणे. निदानाचे नाव ठाऊक नसले तरी यांतील प्रत्येक टप्प्यावर काय बिघडले आहे ते कळते आणि ते तिथल्या तिथे सुधारता येते.

यानंतरची सवय अधिक कठीण आहे. वॉर्डात आपण विचारतो, "याला बहुधा काय झाले असेल?" इथे आधी विचारायचे, "याला सर्वांत घातक काय झालेले असू शकते, आणि ते मी नाकारले आहे का?" छातीत दुखणाऱ्या दहा जणांत बहुतेकांना पित्त किंवा स्नायूंचे दुखणे निघेल, पण हृदयविकाराचा झटका, महाधमनी फाटणे, फुप्फुसात गुठळी अडकणे आणि छातीत दाबाने हवा भरणे या चार गोष्टी मनात आणून, एकेक तपासून बाजूला ठेवल्याशिवाय पित्ताचे औषध लिहायचे नाही. मी निवासी डॉक्टरांना केसपेपरवर हे नाकारलेले निदान लिहायला लावतो. सुरुवातीला त्यांना ते वेळखाऊ वाटते. दारूचा वास येणाऱ्या बेशुद्ध माणसाच्या डोक्याला मारही असू शकतो किंवा त्याची साखरही उतरलेली असू शकते, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही पहाटे चार वाजता, वीस रुग्ण तपासून झाल्यावर, "प्यायलेला आहे, झोपू द्या" हे वाक्य फार सहज तोंडात येते. म्हणून बेशुद्ध माणसाची साखर तपासणे हा विचाराचा भागच राहू नये, हाताची सवय व्हावी, यासाठी आम्ही झटतो.

तुमच्या यवतमाळच्या रुग्णांवरून दोन उदाहरणे देतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेले मूल पहाटे पोटात दुखते म्हणून रडत उठते, उलटी करते, आणि थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड होतात. दंशाची खूण दिसत नाही, सूज नाही, वेदना नाही. मण्यार चावल्यावर असेच होते. ज्याने नागाचा आणि घोणसाचा सुजलेला पायच पाहिला आहे, त्याला हे ओळखू येत नाही. जो ओळखतो तो प्रतिसर्पविष लवकर सुरू करतो आणि श्वास थांबण्याआधी ट्यूबची तयारी ठेवतो. मुलाला डोस प्रौढाइतकाच द्यायचा असतो, कारण सापाने विष वजन पाहून सोडलेले नसते. दुसरे उदाहरण फवारणीच्या विषबाधेचे. २०१७ मध्ये तुमच्या जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांना आणि मजुरांना ज्या विषबाधा झाल्या, त्यांची आठवण तिथल्या प्रत्येक डॉक्टरला आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांच्या विषबाधेत ॲट्रोपीन हा उतारा एकदा देऊन वाट पाहायची नसते. दर पाच मिनिटांनी रुग्णाजवळ जायचे, छाती ऐकायची, सुधारणा नसेल तर डोस दुप्पट करायचा, आणि फुप्फुसे कोरडी होऊन नाडी व रक्तदाब सावरेपर्यंत हे चालू ठेवायचे. हे व्याख्यानात दहा मिनिटांत सांगता येते, पण शिकता येते ते त्या खाटेशेजारी तासभर उभे राहूनच.

हातांचे कौशल्य मात्र पहिल्यांदा रुग्णावर शिकू नये. पुतळ्यावर हृदय थांबल्यावर द्यायचे छातीचे दाब आणि ट्यूब टाकणे, शेळीच्या श्वासनलिकेवर गळ्यातून आपत्कालीन छिद्र घेणे, बरगड्यांच्या तुकड्यावर छातीची नळी बसवणे असे सराव कमी खर्चात होतात आणि ते पुन्हापुन्हा झाले पाहिजेत, कारण गळ्यातून छिद्र घेण्याची वेळ काही डॉक्टरांवर पूर्ण कारकिर्दीत एखाद्याच वेळी येते आणि तेव्हा हाताशी दोन-तीन मिनिटेच असतात. सोनोग्राफीचे तसे नाही, ती रोज लागते. पोटात, हृदयाभोवती किंवा छातीत रक्त वा हवा आहे का हे आपत्कालीन डॉक्टर आता स्वतः खाटेवरच पाहतो. आपल्याकडे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे यंत्राची आणि ते वापरणाऱ्या डॉक्टरची नोंद बंधनकारक आहे. हा कायदा आवश्यकच आहे. मात्र विभागप्रमुखांनी नोंदणीचे काम वेळेत न केल्यास यंत्र कपाटात राहते आणि निवासी डॉक्टर ते न शिकताच बाहेर पडतात.

आणखी एक भाग आहे बोलण्याचा. हृदय थांबलेल्या रुग्णाभोवती सहा माणसे एकाच वेळी बोलू लागली की औषध दोनदा दिले जाते किंवा दिलेच जात नाही. म्हणून नेतृत्व करणाऱ्याने नाव घेऊन सांगायचे, "सिस्टर, ॲड्रेनलीन एक मिलिग्रॅम द्या," आणि त्यांनी ते उच्चारून, दिल्यावर "दिले" असे सांगायचे. हा सराव परिचारिका, वॉर्डबॉय, तंत्रज्ञ यांच्यासह करायचा असतो. ज्या विभागात जुन्या सिस्टर पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला "सर, एकदा साखर बघू या का?" असे निःसंकोच म्हणू शकतात, तो विभाग निवडा. मुलाखतीला गेलात की हेच पाहून या.

माझा भाऊ निवासी डॉक्टर आहे. सलग छत्तीस तास ड्युटी करून येतो आणि जेवतानाच झोपतो. हा छळ प्रशिक्षणाचा भाग आहे का? — डोंबिवली

नाही. केंद्र शासनाने १९९२ मध्ये निवासी डॉक्टरांविषयी काढलेल्या निर्देशात सलग काम सामान्यतः बारा तासांपेक्षा जास्त नसावे, आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा असावी आणि आठवड्यातून एक सुट्टी असावी असे म्हटले होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३च्या पदव्युत्तर नियमांत साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला वीस दिवस किरकोळ रजा आहे, पण कामाच्या तासांबाबत मात्र "वाजवी" एवढाच शब्द आहे. असा शब्द कुणालाच बांधून घेत नाही, हे त्या नियमांतील मोठे उणेपण आहे. अमेरिकेत सर्व शाखांच्या निवासी डॉक्टरांना २००३ पासून आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा आहे. आपत्कालीन विभागात काम करताना ती आणखी कडक होते : सलग बारा तास आणि आठवड्याला रुग्णसेवेचे साठ तास. या विभागात प्रत्येक तास निर्णयांनी भरलेला असतो आणि मधे झोप मिळत नाही, हे तिथे ओळखले गेले आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात लांबलेल्या ड्युटीच्या रात्री सेमिनार कक्षात विसावलेल्या निवासी डॉक्टर तरुणीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या राष्ट्रीय कृती दलासमोर सुरक्षेबरोबरच कामाच्या परिस्थितीचाही प्रश्न आला. आपल्याकडे मार्ड ही निवासी डॉक्टरांची संघटना अनेक वर्षे याच मागण्या करत आहे.

भावाला सांगा, की ड्युटीचे तास तारखेसह लिहून ठेव. तक्रार एकट्याने न करता तुकडीने विभागप्रमुख आणि अधिष्ठात्यांकडे लेखी द्या. आणि छत्तीस तासांनंतर दुचाकीवरून घरी येऊ नको, हे मात्र आजच सांगा.

एम.बी.बी.एस.नंतर खासगी रुग्णालयात एम.ई.एम. किंवा एम.आर.सी.ई.एम. करावे का? ते एम.डी.च्या बरोबरीचे असते का? — पुणे

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. एम.आर.सी.ई.एम. ही ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ इमर्जन्सी मेडिसिनची परीक्षा आहे, तर एम.ई.एम. हे खासगी रुग्णालये परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने चालवतात ते अभ्यासक्रम. त्यांतून आलेले काही अतिशय उत्तम डॉक्टर मी जवळून पाहिले आहेत. परंतु आपल्याकडे मान्यताप्राप्त पदव्युत्तर पात्रता म्हणून एम.डी. आणि डी.एन.बी. यांनाच धरतात, आणि वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षक व्हायचे असेल तर तीच लागते. परदेशात जाण्याचा निश्चय असेल तर एम.आर.सी.ई.एम.चा उपयोग आहे. बाकी कोणीही "हे एम.डी.सारखेच आहे" असे सांगितले तर ते लेखी मागा.

मी दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर आहे. मृत्यू नातेवाइकांना सांगण्याची वेळ आली की माझे पाय लटपटतात. हे आम्हाला कुणी शिकवलेच नाही. मारहाणीचीही भीती वाटते. — छत्रपती संभाजीनगर

मित्रा, हे शिकवायला हवे होते, आणि शिकवता येते. इतर विभागांत नातेवाइकांना आजाराची वाट माहीत असते. आपल्याकडे सकाळी चहा पिऊन कामावर निघालेल्या माणसाचा मृत्यू दुपारी बारा वाजता, ज्यांना आपण कधी पाहिले नाही अशा लोकांना सांगायचा असतो.

काही गोष्टी ठरवून करा. कॉरिडॉरमध्ये सांगू नका. खोली नसेल तर पडदा ओढून कोपरा करा आणि बसायला खुर्च्या द्या. रुग्णाचे नाव, समोर कोण आहे आणि त्यांचे नाते काय, हे आत जाण्यापूर्वी पक्के करा. मोबाइल दुसऱ्याकडे द्या. आधी विचारा, "तुम्हाला आतापर्यंत काय सांगितले आहे?" मग थोडक्यात सांगा, की ते आले तेव्हा हृदय थांबलेले होते, आम्ही अमुक वेळ प्रयत्न केले, आणि नंतर स्पष्ट शब्दांत, "दादा, त्यांचा मृत्यू झाला आहे." "सिरीयस आहे", "आमच्या हातात काही नाही" असे बोलून वेळ काढू नका. त्यातून आशा आणि संशय दोन्ही वाढतात. ते वाक्य बोलून झाले की गप्प बसा. ती शांतता अवघड असते, पण ती भरून काढण्यासाठी वैद्यकीय तपशील सांगू नका. त्यांनी विचारले तर सांगा. रुग्णाला पाहायचे असेल तर चेहरा पुसून, नळ्यांची शक्य तेवढी आवराआवर करून मग न्या. न्यायवैद्यक प्रकरण असेल तर नळ्या काढता येत नाहीत, हे आधी सांगा. शवविच्छेदन का होणार आणि त्याला साधारण किती वेळ लागेल, हेही तुम्हीच सांगा, पोलिसांवर सोडू नका.

प्रयत्न चालू असतानाच एका डॉक्टरने दर काही मिनिटांनी बाहेर येऊन स्थिती सांगितली तर मृत्यूची बातमी अचानक कोसळत नाही. हिंसा टाळण्याचा माझ्या दृष्टीने हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे आणि त्याची अंमलबजावणी व्हायलाच हवी, पण तो उपयोगी येतो हल्ला झाल्यावर. तुमच्यासोबत नेहमी दुसरी व्यक्ती असावी, शक्यतो अनुभवी सिस्टर, आणि तुमची खुर्ची दाराजवळ असावी.

विभागप्रमुखांकडे मागणी करा, की पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाने हे संभाषण आधी सहकाऱ्यांसमोर करून पाहावे, मग सीनिअर सांगताना शेजारी बसावे आणि मग सीनिअर शेजारी असताना स्वतः सांगावे. नळी टाकायला जी शिडी लागते तीच इथे लागते. आणि तरुण मृत्यू सांगून झाल्यावर तुम्हाला पुढचा रुग्ण लगेच दिला जाऊ नये. दहा मिनिटे, पाणी आणि बोलायला एक माणूस एवढे मिळालेच पाहिजे. पाय लटपटतात याची लाज वाटू देऊ नका.

आमच्या ग्रामीण रुग्णालयात इमर्जन्सीचा एम.डी. येण्याची शक्यता नाही. मी एम.बी.बी.एस. वैद्यकीय अधिकारी आहे. आम्ही काय शिकावे आणि कसे? — गडचिरोली जिल्हा

डॉक्टर, आपल्या पत्राचे मला विशेष मोल वाटले, कारण महाराष्ट्रातील बहुतेक गंभीर रुग्णांना पहिला डॉक्टर भेटतो तो आपल्यासारखाच. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राज्याच्या १०८ सेवेतील रुग्णवाहिकांवर डॉक्टर असतात, त्यामुळे प्रवासातले उपचार सुधारले. पण रुग्णवाहिका निघण्यापूर्वीचा तास आपलाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात, शासकीय असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर जीव वाचवण्याचे कर्तव्य ठेवले, तेही त्या तासाविषयीच आहे.

इमर्जन्सीच्या विशेषज्ञाशिवायही गंभीर रुग्णांच्या उपचारांत मोठे काम होऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ रात्रंदिवस बसून निरीक्षणे नोंदवली, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला आणि १९८०च्या दशकात ते 'लॅन्सेट'सारख्या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडले.

सुरुवात अशी करा. आपल्याकडे येणाऱ्या पाच-सहा गोष्टी निवडा : सर्पदंश, विषबाधा, हृदयविकार, अपघात, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, बाळाची धाप. प्रत्येकीचा एक पानी क्रम मराठीत लिहून भिंतीवर लावा आणि आठवड्यातून एकदा, अर्धा तास, सिस्टर आणि रुग्णवाहिकाचालकासह तो प्रत्यक्ष करून पाहा. औषध कुठल्या खणात आहे, ऑक्सिजनचा पाना कुणाकडे आहे, सक्शन चालते का, हे त्या अर्ध्या तासातच उघड होते. सर्पदंशात विषबाधेची लक्षणे असतील तर ॲड्रेनलीन भरून जवळ ठेवून प्रतिसर्पविष सुरू करा आणि मगच रुग्ण पुढे पाठवा. हृदयविकाराच्या झटक्यात दोन तासांत अँजिओप्लास्टी होऊ शकेल असे ठिकाण आवाक्यात नसेल, आणि आपल्याकडून ते बहुधा नसतेच, तर जिल्हा रुग्णालयातील फिजिशियनला ईसीजी मोबाइलवर पाठवून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आपल्याकडेच द्या.

जिल्हा निवासी कार्यक्रमाखाली पदव्युत्तर विद्यार्थी तीन महिन्यांसाठी जिल्हा रुग्णालयात येतात. इमर्जन्सी मेडिसिनचा विद्यार्थी आला असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांना विनंती करून त्याला महिन्यातून एक दिवस आपल्याकडे बोलवा. तो आपल्याला सोनोग्राफी आणि ट्यूब टाकण्याचा सराव देईल आणि आपल्याकडून मण्यारदंश शिकेल.

रुग्ण पुढे पाठवताना आधी फोन करा आणि संदर्भचिठ्ठीवर चार गोष्टी वेळेसह लिहा : आला तेव्हा नाडी, रक्तदाब, श्वास व शुद्ध कशी होती, आपण काय दिले, त्यानंतर काय बदलले आणि आपल्याला कशाची भीती वाटते. चौथी गोष्ट बहुतेक चिठ्ठ्यांवर नसते, आणि पुढच्या डॉक्टरला तिचाच उपयोग सर्वांत जास्त होतो.